एका चर्चमधले दोन ऑर्गन

जर्मनीच्या पूर्व भागात लाइपझिग नावाचं एक शहर आहे. पुस्तकांच्या छपाईसाठी, जत्रेसाठी आणि संगीतासाठी ते शेकडो वर्षांपासून प्रसिद्ध आहे. तिथलं रेल्वे स्टेशन १९१५ साली पूर्ण झालं. ते इतकं अवाढव्य आहे, की आपल्या बोरीबंदरची सवय असलेल्या माणसानेही मान वर करून बघत राहावं. स्टेशनातून बाहेर पडून जुन्या गावाच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं चाललात, की एक उंच पांढरं चर्च दिसतं. त्याचं छप्पर बघा हं! कोकणातल्या कौलारू घरांची छपरं उतरती असतात, पण हे छप्पर जवळजवळ उभंच आहे. त्यावर मांजरसुद्धा टिकणार नाही. हेच ते सेंट थॉमसचं चर्च.

चर्चच्या बाजूला एक पुतळा आहे. अंगात लांब कोट, डोक्यावर त्या काळच्या पद्धतीचा केसांचा टोप, आणि पाठीमागे ऑर्गनच्या नळ्या. हा योहान सेबास्टियन बाख. १९०८ साली हा पुतळा इथे उभारला गेला. नीट पाहिलंत तर कोटाचा एक खिसा उलटा करून बाहेर काढलेला दिसेल. आत काही नाही, रिकामा! गावातले लोक गमतीने म्हणतात, की बाखसाहेबांचा खिसा नेहमी असाच असायचा. वीस मुलांचा बाप होता तो, तेव्हा खिसा रिकामा राहिला तर नवल नाही.

बाख १७२३ साली या गावात आला आणि १७५० साली इथेच वारला. या चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना शिकवायचं आणि चर्चसाठी संगीत रचायचं, हे त्याचं काम. ही मुलांची गायनशाळा त्याच्याही आधी पाचशे वर्षं चालू होती, १२१२ सालापासून. आणि ती आजही चालू आहे! नऊ-दहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तिथे राहतात, शिकतात आणि दर आठवड्याला चर्चमध्ये गातात. बाखची समाधीही आता या चर्चमध्येच आहे. जमिनीत बसवलेली काशाची साधी पाटी, तिच्यावर नाव, आणि बहुधा कुणीतरी वाहिलेली फुलं.

आता आत आलाच आहात, तर वर बघा. मागच्या दाराच्या वरच्या सज्जात एक भलामोठा ऑर्गन आहे. आणि डावीकडच्या भिंतीला लागून असलेल्या सज्जात आणखी एक. एका चर्चला दोन मोठे ऑर्गन कशाला? एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून? नाही. त्याचं कारण असं, की बाखचं संगीत कसं वाजवावं यावर लोकांचं शंभर वर्षांहून जास्त काळ एकमत झालेलं नाही. त्या भांडणाचीच ही दोन लाकडी कपाटं आहेत म्हणा ना!

पण आधी ऑर्गन म्हणजे काय ते पाहू. तुमच्या आजोबांना विचाराल तर ते म्हणतील, ‘‘ऑर्गन ना? तो तर संगीत नाटकात असायचा.’’ खरंच असायचा. बालगंधर्वांच्या नाटकांत रंगमंचापुढे ऑर्गन आणि सारंगी असत. पण तो ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचाच मोठा भाऊ. पायाने भाता मारायचा आणि आतल्या पितळेच्या पातळ पात्या हवेने थरथरल्या, की सूर निघायचा. चर्चमधला ऑर्गन वेगळा. त्यात पात्यांऐवजी हजारो नळ्या असतात. कथील आणि शिसं मिसळून बनवलेल्या, काही लाकडाच्या. एकेक नळी म्हणजे एकेक बासरी किंवा सनईच समजा. एका नळीतून एकच सूर निघतो. नळी लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. लांबी निम्मी केली की सूर बरोबर वरच्या सप्तकात जातो. मोठ्या ऑर्गनातली सर्वांत लांब नळी बत्तीस फुटांची असते, म्हणजे तीन मजली घराएवढी. तिचा सूर कानांपेक्षा बाकावर बसलेल्या पाठीलाच आधी कळतो.

वाजवणारा हातांनी दोन, तीन किंवा चार ओळींच्या पट्ट्या वाजवतो आणि पायांनी खालच्या लाकडी पायपट्ट्या. शेजारी खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी ओढली, की नळ्यांचा एक वेगळा संच बोलू लागतो. कुठला बासरीसारखा, कुठला तुतारीसारखा. बाखच्या काळात वीज नव्हती. मागे माणसं मोठमोठे भाते पायांनी दाबत उभी राहायची. गंमत म्हणजे नवा ऑर्गन तपासायला बोलावलं, की बाख आधी सगळ्या खुंट्या एकदम ओढून दणक्यात वाजवायचा. या ऑर्गनची फुप्फुसं धड आहेत की नाहीत ते बघायला हवं, असं तो थट्टेने म्हणायचा, अशी आठवण त्याच्या मुलाने लिहून ठेवली आहे. ऑर्गन बांधणारे बिचारे घामाघूम होत असणार!

मग भांडण कुठे आहे? ते असं. बाखने सूर लिहिले, पण कुठली खुंटी कधी ओढायची हे त्याने फार क्वचित लिहिलं. वेग किती, आवाज कुठे वाढवायचा, सूर एकमेकांना चिकटवायचे की त्यांच्यात श्वासाइतकी फट ठेवायची, यातलं जवळजवळ काहीच कागदावर नाही. लिहायची गरजच काय? तो स्वतः वाजवत होता, त्याचे शिष्य त्याच्या शेजारी बसून शिकत होते. शिवाय दोन गावांचे ऑर्गन कधी सारखे नसत. आणि ऐकून खात्री करावी म्हटलं तर तीही सोय नाही. बालगंधर्व कसे गात, यावर आजी-आजोबांचा वाद झाला तर रेकॉर्ड लावून बघता येतं. पण एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. तोवर बाखला जाऊन एकशे सत्तावीस वर्षं झाली होती.

बरं, बाख जिवंत असतानाही वाद होतेच! विशीत तो आर्नश्टाट नावाच्या छोट्या गावात ऑर्गन वाजवायचा. १७०५ साली त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्स्टेहुड नावाच्या थोर ऑर्गनवादकाला ऐकायला ल्युबेक शहरी गेला. कसा? म्हणतात, की पायी! अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरपर्यंत चालत जाण्यासारखं. चार आठवड्यांनी परतायचं सोडून तो चार महिन्यांच्या आसपास गायब होता. परत आल्यावर चर्चच्या पंचांनी त्याला बोलावून झापलं. रजेबद्दल तर झापलंच, शिवाय त्यांची तक्रार होती, की हा भजनाच्या साध्या चालीत भलतेसलते सूर घुसडतो आणि गाणारे लोक गोंधळून जातात. म्हणजे आज ज्याचं वाजवणं अचूक कसं होतं याचा आपण शोध घेतो, त्यालाच लोक ‘तू चुकीचं वाजवतोस’ म्हणत होते.

आता त्या मागच्या सज्जातल्या ऑर्गनकडे या. तो विल्हेल्म झाउअर या कारागिराने १८८९ साली बांधला आणि १९०८ पर्यंत वाढवत वाढवत अठ्ठ्याऐंशी खुंट्यांचा केला. त्या काळी लोकांना मोठ्या वाद्यवृंदाचं वेड होतं. ऑर्गनही तसाच वाजावा, अशी त्यांची इच्छा. हळूच, कुजबुजल्यासारखा सुरू होणारा, फुगत फुगत समुद्राच्या लाटेसारखा अंगावर येणारा आणि परत ओसरणारा. त्यासाठी नळ्या बंद पेटीत ठेवून पायाने तिच्या झडपा उघडायची, मिटायची सोय असते. पायाने एक रूळ फिरवला, की एकामागून एक संच आपोआप सामील होत जातात.

१९०३ साली या ऑर्गनवर वादक म्हणून आला कार्ल श्ट्राउब. विलक्षण वाजवायचा. १९०४ साली त्याने जुन्या गुरूंच्या ऑर्गन रचनांचं एक पुस्तक छापलं आणि त्यात आपल्या ऑर्गनला शोभतील अशा सूचना लिहिल्या. इथे हळू, इथे मोठा, इथे हळूहळू चढवत न्या, वगैरे. त्याचं म्हणणं सरळ होतं. संगीत जुनं असलं तरी ऐकणारे आजचे आहेत. त्यांच्या काळजाला भिडायला हवं ना?

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक माणूस उभा राहिला. त्याचं नाव तुमच्यापैकी काहींनी वेगळ्याच धड्यात वाचलं असेल, डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर. हो, तेच! आफ्रिकेत लांबारेने इथे दवाखाना उघडणारे आणि शांततेचं नोबेल मिळवणारे. डॉक्टर होण्याआधीपासून ते उत्तम ऑर्गनवादक होते आणि दवाखान्यासाठीचे बरेच पैसे त्यांनी ऑर्गन वाजवूनच जमवले. १९०६ साली त्यांनी ऑर्गनबांधणीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. नव्या कारखानी ऑर्गनांचा आवाज जाडजूड आहे, त्यात बाखचे वेगवेगळे आवाज ऐकूच येत नाहीत आणि आपण मात्र सुंदर जुने ऑर्गन मोडून हे नवे बसवत सुटलो आहोत, असं त्यांचं म्हणणं.

वेगवेगळे आवाज म्हणजे काय? बाखच्या पुष्कळ रचना म्हणजे सुरांची शिवाशिवी असते. एक आवाज एकटाच धून घेऊन पळत सुटतो. थोडा पुढे गेला, की दुसरा तीच धून वरून किंवा खालून उचलतो. मग तिसरा. आणि शेवटी पायांतून चौथा, जड पावलांनी. पहिल्याने पळणं थांबवलेलं नसतंच. चारही जण एकाच वेळी पळत असतात आणि मजा असते ती कोण कुठे आहे हे कानाने पकडण्यात. आवाज जाड असेल, चर्च घुमत असेल आणि सगळे सूर एकमेकांना चिकटवले असतील, तर चौघांची एकच गर्दी होते. जुन्या ऑर्गनात बोट पट्टीवर पडलं, की पातळ लाकडी पट्ट्यांची साखळी थेट नळीखालची झडप ओढते. सूर कसा सुरू करायचा आणि कसा सोडायचा, हे वाजवणाऱ्याच्या बोटाला कळतं. त्या मानाने नंतरच्या ऑर्गनात बोट आणि नळी यांच्यामध्ये हवेची नाहीतर विजेची यंत्रणा येऊन बसली.

पुढे काय झालं, ऐका. १९२० नंतर वारं फिरलं. हांबुर्ग शहरातल्या एका चर्चमध्ये श्निटगर या थोर कारागिराचा १६९३ सालचा ऑर्गन होता. याच ऑर्गनवर नोकरी मिळावी म्हणून १७२० साली बाख स्वतः जाऊन आला होता. त्याचा आवाज नव्याने ऐकून लोक चकित झाले. असा स्वच्छ, झळझळीत आवाज आपण विसरलो कसे? आणि मग आपला श्ट्राउब! १९२९ साली त्याने जुन्या गुरूंचं नवं पुस्तक काढलं, तेव्हा त्याच्या सूचना जुन्या ऑर्गनांना धरून होत्या. पंचवीस वर्षांत त्याच माणसाचं मत उलटं झालं होतं. मला हा माणूस फार आवडतो. मोठं नाव झाल्यावर छापील मत बदलायला धाडस लागतं.

पण मताला हातोडा मिळाला की पंचाईत होते. एकोणिसाव्या शतकात जुने ऑर्गन ‘हे किंचाळतात’ म्हणून मोडले गेले होते. आता झाउअरसारख्यांचे ऑर्गन ‘हे घोगरे आहेत’ म्हणून मोडले किंवा बदलले जाऊ लागले. मध्येच १९१७ साली महायुद्धासाठी धातू हवा म्हणून जर्मनीतल्या असंख्य ऑर्गनांच्या दर्शनी नळ्या काढून नेल्या, ते वेगळंच. हांबुर्गच्या त्या ऑर्गनच्याही गेल्या. थॉमस चर्चमधल्या झाउअरच्या ऑर्गनलाही लोक नावं ठेवू लागले. नशीब, की तो मोडला नाही. त्याऐवजी १९६७ साली बाजूच्या सज्जात एक नवा ऑर्गन बसवला, खास बाखसाठी. धारदार, पातळ, स्वच्छ आवाजाचा. सगळे खूश! हाच तो बाखचा खरा आवाज!

आणि आज तुम्हाला डावीकडे दिसतो तो हा १९६७ चा ऑर्गन नव्हेच! तो काढून टाकला. कारण तोवर संशोधकांनी जुने ऑर्गन उघडून, मोजून, पुन्हा जुळवून पाहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की बाखच्या मुलखातले खरे जुने ऑर्गन इतके पातळ आणि टोकदार वाजतच नसत. त्यांच्यात ऊब होती, खोली होती. मग २००० साली, बाखला जाऊन अडीचशे वर्षं झाली तेव्हा, गेराल्ड व्योल या कारागिराने बांधलेला एकसष्ट खुंट्यांचा नवा ऑर्गन तिथे बसवला गेला. त्याचं बाहेरचं रूप बाखच्या जन्मगावच्या, आयझेनाखच्या जुन्या ऑर्गनवरून घेतलं आहे.

या ऑर्गनची एक गंमत पेटी वाजवणाऱ्या मुलांना लगेच कळेल. त्याची ‘पांढरी सहा’ दाबली, तर आपल्या पेटीवरच्या ‘काळी पाच’चा सूर ऐकू येतो. बाखच्या काळी चर्चमधले ऑर्गन असे चढ्या पट्टीत लावलेले असत. दुसऱ्या वाद्यांबरोबर वाजवायचं असेल तेव्हा तोच ऑर्गन खालच्या पट्टीत घ्यायची सोय आहे. मग त्याच पट्टीतून ‘काळी चार’ निघते! सूर लावण्यावरून भांडणं आपल्याकडे काही कमी झाली नाहीत. पेटीचे सूर आपल्या रागसंगीताला बरोबर बसत नाहीत, असं म्हणून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसएक वर्षं टिकली. आईबाबांना माहीत नसेल, तर आजोबांना विचारा.

अमेरिकेत हा वाद आणखी रंगला. तिथे दोन लोकप्रिय ऑर्गनवादक होते. ई. पॉवर बिग्ज हे जुन्या पद्धतीच्या ऑर्गनचे भक्त. १९५८ साली त्यांनी हॉलंडच्या कारागिराकडून तसा एक ऑर्गन बनवून घेतला आणि तो हार्वर्ड विद्यापीठाच्या एका संग्रहालयात बसवला. दुसरे व्हर्जिल फॉक्स. यांनी १९७० साली विजेवर चालणारा ऑर्गन घेतला, रॉक संगीताच्या थिएटरात गेले आणि रंगीबेरंगी दिव्यांच्या झगमगाटात बाख वाजवला! जीन्स घातलेली हजारो तरुण मुलं बाख ऐकायला आली. पहिल्या गटाने कपाळावर हात मारला. फॉक्सचे चाहते म्हणाले, ‘‘तुमच्या संग्रहालयात कोण येतं हो?’’

तुम्ही विचाराल, मग बरोबर कोण? माझं मत सांगते. ती चार आवाजांची शिवाशिवी ऐकायची असेल, तर मला व्योलच्या ऑर्गनवरच ऐकायची आहे. तिथे तिसरा आवाज कधी शिरला हे लहान मुलालाही कळतं. त्यामुळे जुन्या पद्धतीचा आग्रह म्हणजे नुसतं जुन्याचं वेड, असं मला वाटत नाही. तो फायद्याचा आग्रह आहे. पण ‘बाखला हेच आवडलं असतं’ असं कुणी छातीठोकपणे म्हटलं, की मला हसू येतं. हा माणूस नव्या गोष्टींमागे लागणारा होता. पियानो तेव्हा नुकताच तयार होत होता. बाखने तो वाजवून बघितला, त्यातल्या चुका दाखवल्या आणि सुधारून आणल्यावर शाबासकीही दिली. तो खुंट्याही अशा काही विचित्र जोड्यांनी ओढायचा, की शेजारी उभ्या असलेल्या वादकांना भीती वाटायची, आता काय भयंकर ऐकू येणार! आणि प्रत्यक्षात ते छानच वाजायचं. असल्या माणसाला झाउअरचा ऑर्गन मिळाला असता, तर त्याने तो पाय न लावता सोडला असता?

हेल्मुट वाल्खा याचं उदाहरण मला नेहमी आठवतं. याच लाइपझिगमध्ये १९०७ साली जन्मलेला हा वादक तरुण वयातच पूर्ण आंधळा झाला. दुसऱ्या कुणीतरी एकेक आवाज वेगळा वाजवून दाखवायचा, तो ऐकून वाल्खा मनात साठवायचा आणि मग चारही आवाज डोक्यात एकत्र जुळवायचा. बाखचं ऑर्गनसाठीचं जवळजवळ सगळं संगीत त्याने असं पाठ केलं आणि जुन्या ऑर्गनांवर रेकॉर्ड केलं. ज्याच्या मनात चारही आवाज असे वेगवेगळे राहत होते, त्याला स्वच्छ आवाजाचे ऑर्गन का हवेसे वाटले, हे सांगायला नकोच.

लाइपझिगला गेलात आणि हाताशी अर्धा दिवस असेल, तर दक्षिणेला श्ट्योर्मथाल नावाचं खेडं आहे, तिथेही जा. पूर्वी या भागात कोळशाच्या प्रचंड उघड्या खाणी होत्या. कितीतरी गावं त्यांनी गिळली. हे गाव वाचलं, आणि शेजारच्या खाणीच्या खड्ड्याचं आता तळं झालं आहे. गावच्या चर्चमध्ये हिल्डेब्रांट या कारागिराचा एक छोटा ऑर्गन आहे. हातपट्ट्यांची एकच ओळ आणि खाली पायपट्ट्या, बस्स! २ नोव्हेंबर १७२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा तो तपासायला लाइपझिगहून बाख आला होता. झाउअर नाही, व्योल नाही, हा मात्र बाखने स्वतः वाजवलेला ऑर्गन, आणि तो अजून वाजतो. खेडं गरीब होतं, ऑर्गन मोडून नवा घ्यायला पैसे नसतात अशा ठिकाणी, त्यामुळे असे ऑर्गन खेड्यांतच जास्त वाचले आहेत.

परत लाइपझिगला आल्यावर शुक्रवारी संध्याकाळी सहाला किंवा शनिवारी दुपारी तीनला थॉमस चर्चमध्ये जा. मुलांच्या शाळेला सुट्टी नसेल, तर गायनशाळेतली मुलं बहुधा तेव्हा गातात आणि ऑर्गनही वाजतो. जागा मात्र मधोमध धरा. वेदीकडे तोंड करून बसलात, की व्योलचा ऑर्गन डावीकडे येतो आणि झाउअरचा बरोबर पाठीमागे. कोण वाजणार आहे ते कागदावर लिहिलेलं असतं, पण आधी वाचू नका. डोळे मिटा, पहिला सूर येऊ द्या, आणि मगच मान वळवून बघा.